तेलाची बाटली आणि वाळूची पुरचुंडी

लोणंदला पालखी पोचते त्या संध्याकाळी गावात माणसांपेक्षा पायच जास्त दिसतात. सकाळी वाल्ह्याहून निघालेले, नीरेच्या पुलावरून आलेले, नडगीपर्यंत चिखलानं माखलेले पाय. कुणी दुकानाच्या पायरीवर लांब करून बसलंय, कुणी ट्रकच्या खाली ताडपत्रीवर आडवं झालंय. आळंदी ते पंढरपूर हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. त्यातला दिवे घाट मागे पडलेला असतो, पण निम्म्याहून जास्त वाट अजून पुढेच असते. घाट चढताना पाय बोलत नाहीत. ते बोलायला लागतात लोणंदला.

पालखीतळापासून जरा लांब, एका बंद गॅरेजच्या पडवीत आयुर्वेद महाविद्यालयातल्या मुलांनी पायसेवा मांडली होती. दोन बाकडी, एक गॅसची शेगडी, तिच्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं आणि त्यात निगडीच्या पाल्यात सिद्ध केलेलं तिळाचं तेल. कापराचा वास रस्त्यापर्यंत येत होता. रांग पन्नासेक माणसांची. पोरं हात चालवत होती: पोटरीवरून खाली, घोट्याला वळसा, तळव्यावर अंगठा, पुढचे माउली.

रांगेत साठी ओलांडलेली एक बाई होती. नऊवारी वर खोचलेली, तुळस बाजूला ठेवलेली. ‘पाय लई भरून आल्यात, चोळ रं बाबा जरा,’ म्हणून तिनं पाय पुढे केला. मुलानं तळहातावर तेल घेतलं, तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या त्याच्या सरांनी त्याचं मनगट धरलं.

‘यांना तेल नाही लावायचं.’

‘सगळ्यास्नी लावतायसा, अन मलाच का न्हाई?’ बाई रास्त चिडली.

सर तिच्यासमोर उकिडवे बसले. आधी गुडघ्यावर हाताची मागची बाजू ठेवली, मग दुसऱ्या गुडघ्यावर. मग पाय सोडून तिचे हात हातात घेतले. बोटांची मधली पेरं फुगलेली होती, दोन्ही हातांची, सारखीच.

‘आजी, सकाळी उठल्यावर मुठी वळतात का?’

‘कुटं वळत्यात.’

‘किती वेळ?’

आजीनं जरा विचार केला. ‘चा होईस्तवर... न्हाई, भाकरी होईस्तवर. सून थापती, मी नुसती बसून ऱ्हाते.’

सरांनी शेजारी बसलेल्या माझ्याकडे बघितलं. सकाळचा ताठरपणा तासाच्या वर टिकतो का, हे विचारायला रुग्णालयात छापील कागद असतो. इथं उत्तर भाकरीच्या हिशेबात आलं होतं आणि त्यात काही कमी नव्हतं.

पाय दुखतात म्हटलं की मराठी घरात हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे जातो. आपली आयुर्वेदाची कल्पनाही साधारण तेवढीच झाली आहे: कोमट तेल, हलक्या हातानं मालिश, वरून शेक. म्हणून त्या संध्याकाळी मला प्रश्न पडला. तेल कुणाला द्यायचं नाही, हे शास्त्रात लिहिलंय का? लिहिलंय, आणि चांगलं ठसठशीत लिहिलंय.

आपण एका दमात ‘संधिवात’ म्हणतो, ती खरं तर तीन-चार वेगवेगळ्या दुखण्यांची गठडी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला अठ्ठाविसावा अध्याय वातव्याधींचा. त्यात सांध्यात शिरलेल्या वाताचं वर्णन येतं: सूज हाताला हवा भरलेल्या पखालीसारखी लागते, आणि सांधा वाकवताना, सरळ करताना दुखतो. ज्यानं कुणी ही उपमा केली त्यानं असे गुडघे स्वतः दाबून पाहिले असणार. आज याच्या जवळ जाणारं दुखणं म्हणजे वयानं, वजनानं, कष्टानं झिजलेला गुडघा. गावात म्हणतात ‘वंगण संपलं’, शहरात म्हणतात ‘गॅप कमी झाला’. कोरडेपणा हा वाताचा गुण, म्हणून इथं तेल. हिशेब सरळ आहे.

त्याच्या पुढचाच अध्याय वातरक्ताचा. हे पायाच्या किंवा हाताच्या मुळाशी सुरू होतं आणि उंदराच्या विषासारखं हळूहळू अंगभर पसरतं, असं जुने ग्रंथ सांगतात. त्याचं एक नाव आढ्यवात, म्हणजे श्रीमंतांचा वात. रात्री अंगठ्याचा सांधा लालबुंद होऊन चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, आणि तपासात युरिक ॲसिड वाढलेलं निघतं, त्या गाउटशी हे बरंच जुळतं. नावं ठेवण्यात ही मंडळी मोठी चित्रमय. कमरेपासून पायात कळ उतरून माणूस गिधाडासारखा पाय टाकू लागला की गृध्रसी. गुडघा सुजून कोल्ह्याच्या डोक्याएवढा झाला की क्रोष्टुकशीर्ष.

आणि मग आमवात. हा चरकात स्वतंत्र व्याधी म्हणून मांडलेला नाही. त्याला स्वतःचा अध्याय मिळाला तो माधवकराच्या माधवनिदानात, सातव्या-आठव्या शतकात. आम म्हणजे कच्चं, अर्धवट शिजलेलं. पचन बिघडलं की अन्नाचा रस अर्धाकच्चा राहतो, चिकट होतो, वात त्याला ओढत नेऊन सांध्यांत बसवतो, अशी ही मांडणी. लक्षणं मात्र मांडणी बाजूला ठेवली तरी ओळखता येतात: अंग जड, तोंडाला चव नाही, बारीक ताप, एकामागून एक सांधे सुजतात आणि विंचू डसल्यासारखी वेदना. आजचे वैद्य याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या जवळ ठेवतात. दोन्ही एकच आहेत असं शहाणा वैद्य म्हणत नाही. शेजारी आहेत एवढंच म्हणतो.

तेलाला मज्जाव आहे तो इथं. आमच मुळी चिकट. त्याच्यावर तेल चोळणं म्हणजे चिखलात पाणी ओतणं. अकराव्या शतकातल्या चक्रपाणिदत्तानं आमवाताच्या उपचारांचा क्रम घालून दिला आहे. त्याची सुरुवात लंघनानं होते, मग शेक येतो, मग कडू-तिखट द्रव्यांनी भूक पेटवायची, मग रेच, शेवटाकडे बस्ती. शेकही कोरडा, वाळूच्या पोटलीचा.

तर ती वाळू. गॅरेजच्या मागे कुणाच्या तरी घराचं बांधकाम चालू होतं. सरांनी एका मुलाला तिकडे पिटाळलं. त्यानं घमेलंभर वाळू आणली, चहाच्या नव्हे, पिठाच्या चाळणीनं चाळली आणि लोखंडी कढईत टाकली. पहिली पाच मिनिटं वाळूतून वाफ येत राहिली, ओल होती. ‘ही ओल गेल्याशिवाय बांधायची नाही, नाहीतर फोड येतात,’ सर म्हणाले. वाळू उलथन्यानं हलवल्यावर सळसळ आवाज यायला लागला तेव्हा ती जुन्या सुती धोतराच्या दुहेरी तुकड्यात ओतून वर दोऱ्यानं करकचून बांधली. अशा दोन पुरचुंड्या. एक हातात, एक तव्यावर. मुलानं ती आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघितली, दूध पाजणारी आई बाटली बघते तशी. मग आजीच्या गुडघ्यावर, घोट्यांवर, बोटांच्या पेरांवर टेकवत, उचलत, परत टेकवत. चोळायचं नाही. दहा-बारा मिनिटांनी आजी गप्प झाली. तिनं डोळे मिटले होते.

हे मला आधी कळायला हवं होतं, असं त्या पडवीत बसून वाटलं, त्याला कारण आहे.

नव्वदच्या दशकात माझ्या मावशीची बोटं अशीच सुजली. कुणीतरी गावातला मालिशवाला सांगितला. हात चांगला, माणूस गोड, पैसे थोडे. आठवड्यातून दोनदा तो यायचा, वाडग्यात तेल घेऊन तासभर रगडायचा. त्या रात्री मावशीला झोप लागायची, म्हणून सगळ्यांची खात्री पटली. दुसऱ्या दिवशी सूज जास्त दिसली की ‘दोष बाहेर पडतोय’ हे उत्तर तयार असायचं. दोन वर्षं गेली. आरए फॅक्टर तपासायचं कुणी सुचवलं तोवर उजव्या हाताची बोटं करंगळीच्या दिशेनं झुकली होती. पुढे आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळीनं आजार थांबला. बोटं मात्र तशीच राहिली. अंगठीसुद्धा कापून काढावी लागली. या दुखण्यात सुरुवातीचे काही महिनेच हातात असतात, सांध्याच्या आतलं हाड एकदा कुरतडलं की ते भरून येत नाही. मालिशवाल्याला दोष देऊन काय करणार. आम्ही त्याला वैद्य समजलो, तो आमचा दोष. आणि ज्या शास्त्राच्या नावानं ते तेल रगडलं जात होतं, ते शास्त्र त्याला ‘नको’ म्हणत होतं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

पोटात द्यायच्या औषधांत आमवातासाठी मोठा मान एरंडेलाचा. आमवात हा हत्ती आणि एरंडेल हा सिंह, असं रूपक भावप्रकाशात आहे. सुंठीच्या काढ्यात एरंडेल हे जुन्या वैद्यांचं आवडतं जोडपं. आमच्या लहानपणी एरंडेल ही शिक्षा होती, रविवारी सकाळी नाक दाबून घ्यायची. तेल अंगाला नको पण पोटात चालेल, ही गोष्ट वरवर विसंगत वाटते. विचारल्यावर सर हसले. ‘हे तेल बसत नाही, घेऊन बाहेर पडतं.’ गरोदर बाईला ते चालत नाही, आतड्याचं दुखणं असलेल्यालाही नाही, आणि मात्रा वैद्यानंच ठरवायची.

झिजलेल्या गुडघ्याचं दृश्य वेगळं. पुण्यात पेठेतल्या एका दवाखान्यात मी जानुबस्ती बघितली. निवृत्त शिक्षिका, वय सत्तर, दोन जिने रोजचे. उडदाच्या पिठाची घट्ट कणीक मळून तिची दोन बोटं उंच पाळ गुडघ्याभोवती बसवली. कडा ओल्या बोटानं कातडीवर दाबून लिंपल्या, अळूवडीच्या पानाला पीठ लावावं तशा. मग त्या विहिरीत कोमट तेल चमच्यानं सोडलं. निवलं की कापसाच्या बोळ्यानं टिपून काढायचं, परत गरम करून सोडायचं. अर्धापाऊण तास हाच उद्योग. मदतनीस बाईंचं सगळं लक्ष पाळीच्या डाव्या कोपऱ्याकडे, तिथून तेल पाझरतं म्हणून. शेवटी पाळ काढली तेव्हा गुडघ्यावर गोल, पांढरट, सुरकुतलेला चंद्र राहिला होता. ‘आता तासभर मी राणी,’ शिक्षिकाबाई म्हणाल्या. ‘तासभरच?’ ‘पहिल्या दिवशी तासभर. आज सातवा, आज संध्याकाळपर्यंत धरू.’ एवढी प्राचीन दिसणारी ही क्रिया चरक-सुश्रुतांत या नावानं सापडत नाही. शिरोबस्तीच्या धर्तीवर नंतरच्या वैद्यांनी ती बसवली. मला यात काही कमीपणा वाटत नाही. पण ‘पाच हजार वर्षांची जानुबस्ती’ असा फलक दिसला की हसू येतं.

हे सगळं खरंच उपयोगी पडतं का? या प्रश्नावरचं बरंच काम पुण्यात झालं आहे, हे पुणेकरांनाही फारसं माहीत नसतं. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसनं १९९६ साली भिगवणला घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांची विचारपूस झाली आणि त्यांतल्या सुमारे १८ टक्के लोकांचे सांधे, स्नायू किंवा पाठ दुखत होती. उजनीच्या काठावरच्या, उसात आणि मळ्यात राबणाऱ्या गावाची ही अवस्था. पुढे केंद्र सरकारच्या सीएसआयआरच्या प्रकल्पात, भूषण पटवर्धन यांच्यासारख्या संशोधकांबरोबर, चोप्रांनी सुंठ, गुळवेल, आवळा, सालई अशा वनस्पतींच्या अर्कांची चाचणी घेतली. झिजेच्या गुडघ्याचे ४४० रुग्ण, २४ आठवडे, कुणाला काय दिलंय ते रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले: वेदना कमी करण्यात आयुर्वेदिक मिश्रणं ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिबच्या तोडीची ठरली. त्याच लेखात हेही नोंदवलेलं आहे की आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताचं एसजीपीटी वाढलं, त्यांतल्या काहींना चाचणीतून काढावं लागलं आणि औषध थांबवल्यावर ते खाली आलं. जाहिरातवाले पहिलं वाक्य उचलतात. दुसरं मला जास्त मोलाचं वाटतं, कारण ते मोजलं गेलं म्हणून तर कळलं.

बर्लिनमध्ये झिजेच्या गुडघ्याच्या १५१ रुग्णांवर बारा आठवडे पंचकर्म, आहार, मालिश असा पूर्ण आयुर्वेदिक उपचार करून बघितला गेला. २०१८च्या त्या अहवालात आयुर्वेदाचा गट नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा पुढे होता. पण आपल्याला मालिश होतेय की नाही, हे माणसापासून लपवणार कसं? आशेचा वाटा त्यात किती आणि तेलाचा किती, हे तिथं वेगळं काढता येत नाही. कोइम्बतूरची चाचणी मला सगळ्यांत हुशार वाटते. ऱ्हुमॅटॉइडचे ४३ रुग्ण. एका गटाला आयुर्वेद, एकाला मेथोट्रेक्सेट, एकाला दोन्ही. आणि वैद्याला प्रत्येक रुग्णाचं औषध प्रकृतीप्रमाणे बदलायची मुभा. छत्तीस आठवड्यांच्या शेवटी तिन्ही गट साधारण बरोबरीत. त्रेचाळीस माणसांवरून जगाला काही सांगता येत नाही, हे करणाऱ्यांनाही ठाऊक होतं; त्यांनी त्याला प्राथमिक चाचणी असंच म्हटलं. तेवढ्यावर भिस्त ठेवून कुणी मेथोट्रेक्सेट बंद करू नये.

मात्र दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला चाचण्या वाचायला वेळ नसतो, आणि हे ओळखणारे लोक एसटी स्टँडच्या बाहेर बसलेले असतात. बिनलेबलाच्या पुड्या. ‘शंभर टक्के जडीबुटी.’ सकाळी घेतली आणि संध्याकाळी आजी जिना चढून गेली, अशी ख्याती. जडीबुटी इतकी घाईत नसते. एका रात्रीत सूज उतरली तर पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका आधी घ्यावी. महिन्या-दोन महिन्यांत चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि घाबरून पुडी एकदम बंद केली तर माणूस कोसळू शकतो, कारण शरीरानं स्वतःचं संप्रेरक बनवणं थांबवलेलं असतं.

दुसरा धोका लेबलावर छापलेला असतो, पण वाचत कोण? योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ यांत ‘महा’चा अर्थ लोक ‘जास्त जोरदार’ असा घेतात. महायोगराजात नागभस्म म्हणजे शिसं आणि रससिंदूर म्हणजे पारा पडतो. वैद्याच्या देखरेखीखाली, ठरलेल्या काळापुरतं ते वेगळं. दुकानातून आणून वर्षानुवर्षं खाणं वेगळं. बॉस्टनच्या दुकानांत मिळणारी ७० आयुर्वेदिक औषधं २००४ साली तपासली गेली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आणि गुळवेलीलाही आंधळेपणानं अमृत म्हणू नये. करोनाच्या दिवसांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं. आयुष मंत्रालयानं ते नाकारलं. वाद राहू दे. सांध्याचं औषध महिनोन् महिने चालतं, तर तीन महिन्यांनी यकृताची तपासणी करून घ्यायला वादाचा निकाल कशाला लागतो?

बिब्ब्याचं तर काय सांगावं. सुजल्या घोट्यावर बिब्ब्याचा चटका देणारे हात खेड्यात अजून आहेत. बिब्बा उततो, कातडी फोडांनी भरते, आणि दुखणाऱ्याला नवं दुखणं मिळतं. दुसऱ्याच्या कामात बिब्बा घालणं हा वाक्प्रचार उगाच नाही आला. घरगुती म्हणून जे निभावतं ते सौम्य असतं: रुईच्या पानाला तेल लावून तव्यावर मऊ करून झिजलेल्या गुडघ्यावर बांधणं, मुका मार बसला तर लेपगोळी किंवा आंबेहळद उगाळून कोमट लेप, हिवाळ्यात मेथीचे लाडू. मेथीच्या लाडवांनी गुडघा सुधारतो का, हे मी सांगू शकत नाही. तूप-गुळानं वजन वाढतं हे नक्की सांगतो. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो, असं मोजलं गेलंय. मांडीचे स्नायू बळकट करायचा साधा व्यायाम, खुर्चीवर बसून पाय सरळ उचलून धरायचा, हा कुठल्याही तेलापेक्षा टिकाऊ. पण व्यायामाला वास नसतो, बाटली नसते, मालिश करणारी सून नसते.

सगळ्याच पायांचं दुखणं सांध्याचं नसतं, हेही त्याच पडवीत कळलं. अंधार पडता पडता एक चाळिशीचे गृहस्थ आले. एकच पाय, पोटरी दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जाड, गरम, दाबली की कळवळत. ट्रकमध्ये दोन दिवस बसून आले होते. सरांनी तेलच काय, हातही लावू दिला नाही. थेट रुग्णवाहिकेकडे पाठवलं. शिरेत रक्ताची गुठळी असली तर मालिशनं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्यांच्यामागून आलेल्या म्हाताऱ्याच्या दोन्ही पावलांवर बोट दाबलं की खळगा राहत होता. त्याला विचारलं ते धाप लागते का, लघवी नीट होते का. आणि एक बाई बार्शीकडची, चिकुनगुन्यानंतर वर्षभर घोटे धरलेले. बार्शीनं हा आजार १९७३ सालीच बघितलाय. नंतर तीस-बत्तीस वर्षं तो जणू विसरला गेला आणि २००६ मध्ये परतला तेव्हा देशभरात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदवले गेले. तिला सुंठ-एरंडेलाची चिठ्ठी मिळाली, वाळूचा शेक मिळाला, आणि वर्ष झालं तरी सूज आहे म्हणून रक्त तपासायची ताकीद.

रात्री नऊला शेगडी विझवली. आजी अजून बसलेलीच होती, पुरचुंडी मांडीवर घेऊन. सरांनी तिला एका कागदावर दोन तपासण्या लिहून दिल्या. गावाकडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा तालुक्याला होतील, पंढरपूरहून परतल्यावर आठवड्याच्या आत करा, दही आणि उडीद सध्या बंद, तेल अजिबात नाही.

कागद तिनं कमरेच्या पिशवीत ठेवला. मग पुरचुंडी उचलून विचारलं, ‘ही वाळू मी घिऊन जाऊ का?’

‘न्या की. पण आजी, तुमच्या गावाला वाळू नाही का?’

‘हाय. ओढाभर हाय.’ तिनं गाठ ओढून बघितली, पक्की आहे का. ‘पर ती तपासणी करा म्हणून सांगत न्हाई.’